‘मले’ म्हणणारी मुलगी

आज शहरातल्या महाल भागात एका पानठेल्यासमोर कोणीतरी प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होतं. चुना-तंबाखूचा तो ओला वास आला आणि मी नाक दाबून पुढे निघाले. आमच्या गावच्या शाळेत, स्टेजवर, हाच वास माझ्या तोंडावर आला होता.

मी नववीत होते. गाणी-नाटकं करणारी आमच्याच शाळेची एक मुलगी तापाने गेली होती. तिच्या आईने तिच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली आणि ती नाटकासाठी मला मिळाली. त्या शिष्यवृत्तीमुळेच मी पुढे शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले.

शिष्यवृत्ती द्यायच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी तोंडातला खर्रा एका गालात सारला आणि प्रमाणपत्र हातात धरून म्हटलं, “दोन शब्द बोल.”

“मले लय खुशी झाली,” मी म्हणाले.

“मले? नाटकवाली ना तू? ‘मला’ म्हण, मगच देतो.”

प्रमाणपत्र जाईल या भीतीने माझ्या तोंडून पुन्हा ‘मले’च निघालं. ते खो-खो हसले आणि थुंकीचा शिंतोडा माझ्या नावावर उडाला. हॉल हसला, हेडमास्तरही हसले. मोठी माणसं कौतुकानेच हसत असतील असं वाटून मीही हसले. आज त्या हसण्याची किळस येते.

तेवढ्यात त्या मुलीची आई उठली. “आना इकडे. माही पोरगीबी मलेच म्हणे. हासा आता.”

तिने पाहुण्यांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं. तिने पदराने थुंकी पुसली आणि ते माझ्या हातात दिलं. “घे वं माय. अशीच बोलत जाय.”

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या पाहुण्यांनीच.