दादाचा घास

आता जिना चढताना गुडघे बोलतात. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. मी मान डोलावते. कंटाळा आलाय त्या वाक्याचा. लहानपणापासून ऐकतेय, फक्त आईच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगा होता. दोन वर्षांचा असताना तापाने गेला. शेवटी नुसती काडी उरली होती त्याची, असं आई सांगे. मग मी झाले आणि तिने ठरवूनच टाकलं, या पोरीची हाडं कुणाला दिसता कामा नयेत.

कल्याणात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. रेशनचे दिवस होते. आई बिनसाखरेचा चहा घेई आणि तिच्या वाटची साखर माझ्या दुधात पडे. आंबिवलीचा गवळी दूध घाली, त्यावरची सगळी साय माझी. जेवताना एक घास चिऊचा, एक काऊचा. पोट भरून मी उठू लागले की आई शेवटचा घास पुढे करी. "हा दादाचा." त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मी खाल्लं नाही तर तो उपाशी राहणार, हे मला अगदी खरं वाटे. पुढे पुढे दादाचे घास चांगले चार-पाच होऊ लागले.

चौथीपर्यंत मी आडवी वाढले होते. फुगडीला माझा हात कुणी धरत नसे. त्या वर्षी संमेलनासाठी लेझीमचं पथक निघालं आणि मला त्यात उभं राहायचंच होतं. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी धाप लागून मी मैदानात बसकण मारली. बाईंनी आईला बोलावलं.

"अहो, हिचं खाणं जरा आवरा. महिनाभरात दम टिकला तर घेते मी तिला."

आईने ऐकून घेतलं, आणि घरी येऊन मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. बाईंचीच नजर लागली म्हणे! चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसका उठला नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तोंड मिटून बसले. "दादाला नकोय. त्याचं पोट भरलंय."

आई रागावली नाही. तूपभाताचा घास तिने तसाच हातात धरला. मग हळूच म्हणाली, "त्यानेही असंच तोंड मिटलं होतं गं."

मी आ केला. त्या दिवशी, आणि नंतर रोजच.

संमेलनात मी प्रेक्षकांत आईशेजारी बसले. माझ्या वर्गातल्या मुली रांगेत आल्या, लेझीम सुरू झालं. आईने पिशवीतून डबा काढला. त्यात दोन लाडू होते, एक माझा आणि एक दादाचा. मी दोन्ही खाल्ले.