आर्डिथबाई आणि पायाचं गणित

आर्डिथ सायझमोरबाईंच्या वाटेला जाऊ नये, हे केंटकीच्या त्या डोंगरपट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कम्युनिटी कॉलेजच्या डीनला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. डीन नवा होता, सपाटीवरून आलेला.

बाईंचा आजा कोळशाच्या खाणीत, बाप खाणीत, नवराही खाणीत. नवरा पुढे दारूत बुडाला, तेव्हा बाईंनी त्याचे बूट दाराबाहेर ठेवले आणि दोन मुली पदरात घेऊन तिशीत कॉलेजची पायरी चढल्या. "पोरासोरांत बसून शिकणार होय आता?" म्हणून आत्या फिदीफिदी हसली. बाई बसल्या, शिकल्या आणि त्याच कॉलेजात गणित शिकवायला लागल्या.

गणित म्हणजे पायाचं. प्रवेशाच्या चाचणीत कच्चा ठरला की माणसाने आधी दीड वर्ष हे घोटायचं, मग खरा अभ्यासक्रम. चाचणी संगणक घेई आणि त्याचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईंचे निम्मे विद्यार्थी अर्ध्यात पळत. कामधंदा सोडून आलेला माणूस अपूर्णांकांची बेरीज किती दिवस करणार? बाईंनी आधीच्या दोन डीनांशी यावरून भांडण काढलं होतं. दोघांनी मान डोलावली आणि बदली करून घेतली.

मग खाण बंद पडली आणि खाणीतली माणसं कॉलेजात आली. त्यांत लॉनी फ्युगेट होता, खाणीचं छत तपासून टेकू ठोकणारा. त्याच्या बापाच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली. म्हातारा नाकात प्राणवायूची नळी घालून जगत होता. लॉनीला श्वसनोपचाराचा अभ्यासक्रम करायचा होता. पण बेकारांच्या शिक्षणाला सरकारी मदत दोनच वर्षं मिळायची आणि चाचणीने त्याला टाकलं तळाच्या वर्गात. म्हणजे अभ्यासक्रम सुरू होतो न होतो तोच मदत संपणार.

बाईंना हे पटेना. त्यांनी लॉनीला शेजारी बसवून संगणकावर चाचणीचे नमुना प्रश्न सोडवायला लावले. लॉनी पुटपुटत हिशोब करी, उत्तर अचूक येई आणि गडी दाबी 'माहीत नाही'.

"अरे, बरोबर होतं की!"

"बरोबर वाटत होतं, बाई. खात्री नव्हती."

"मग ठोकून द्यायचं!"

लॉनी बाईंकडे बघतच राहिला. "छताबद्दल असं ठोकून देत नाहीत, बाई. खात्री नसली तर नाही म्हणायचं आणि माणसं मागे घ्यायची. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच शिकलोय आम्ही. तुमचे वडील वेगळं शिकवायचे का?"

बाई तडक उठल्या. त्यांनी बाकीच्या खाणवाल्यांना विचारलं. एकूणएकाने तेच केलं होतं.

बाई थेट डीनच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, या माणसांना चाचणीचा अडसर नको, पुढे लागणाऱ्या संख्याशास्त्राच्या वर्गातच बसू द्या. डीनने ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "तुमची कळकळ समजते. पण नियम म्हणजे नियम. झेपलं नाही तर त्यांचंच नुकसान."

"नुकसान? या माणसांनी डोक्यावर डोंगर घेऊन दिवस काढलेत. तुमच्या संख्याशास्त्राने मरतात होय ती!"

"मिसेस सायझमोर, मी परवानगी देणार नाही."

"मागितली कुणी?"

दुसऱ्या दिवशीपासून खाणवाले बाईंच्या संख्याशास्त्राच्या खऱ्या वर्गात बसू लागले. वर्गाआधी एक तास बाई त्यांच्याकडून अडलेलं तेवढंच करून घेत. उपाशीपोटी गणित शिरत नाही, म्हणून घरून पावासारखी मऊ बिस्किटं आणि रस्सा आणत. ज्याच्या दरीतल्या वस्तीत मयत झाली तो कबर खणायला जाणारच. त्याची गैरहजेरी मांडायची नाही, राहिलेला धडा परत शिकवायचा, हा बाईंचा कायदा. डीन एकदा दारात येऊन म्हणाला, "मी यांची नावं पटावरून काढतोय."

"काढा," बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "माणसं बाहेर काढायला मात्र स्वतः आत या."

डीनने दाराकडे पाठ करून बसलेले ते रुंद खांदे पाहिले आणि दार हळूच लावून घेतलं. नावंही पटावर राहिली.

परीक्षेला सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका होती आणि बाईंच्या हट्टामुळे उत्तरपत्रिका दुसऱ्याच प्राध्यापकाने तपासल्या. दोघे नापास झाले. बाकीचे पास, त्यात लॉनी चांगल्या श्रेणीत. त्याला श्वसनोपचारात जागा मिळाली. ते ऐकून म्हातारा फ्युगेट नळीतून धापा टाकत हसला म्हणे.

पुढच्या सत्राच्या सभेत डीनने घोषणा केली: चाचणीची सक्ती बंद, सगळ्यांना थेट खरा वर्ग आणि जोडीला मदतीचा तास. 'आमची दूरदृष्टी' हे शब्द त्याने तीनदा वापरले. टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं कुणीतरी कुजबुजलं. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं. त्या उभ्या राहिल्या.

"आणि इतकी वर्षं ज्यांना आपण कच्चं ठरवून घरी पाठवलं, त्यांना बोलवायला कोण जाणार?"

डीन म्हणाला, "ते आता... कसं शक्य आहे?"

"बरं," म्हणत बाई निघाल्या.

पहिलं घर ओढ्याकाठी होतं, लोरेटा कूम्ब्सचं. तिला नर्स व्हायचं होतं. दोनदा पायाच्या गणितात अडकून ती दुकानात सामान भरायला लागली होती. दारात बाईंना बघून तिने ओले हात पुसले. बाईंनी यायचं कारण सांगितलं. लोरेटाने मान खाली घातली.

"माझं काय घेऊन बसलात, बाई. मी ढ आहे. कॉलेजनेच सांगितलं होतं ना?"

बाईंचा आवाज चढला. "खोटं सांगितलं होतं! ढ आमची चाचणी होती. चल, बूट घाल."