चार ठोक्यांची जागा

फोन कचेरीत आला. भिगवणच्या अलीकडे हायवेवर ट्रकने एका मोपेडला उडवलं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या खिशातल्या चिठोऱ्यावर आमच्या कचेरीचा नंबर होता. पलीकडून हवालदाराने विचारलं, "हा इसम तुमचा कोण?" मी म्हणालो, "मावसभाऊ. सख्ख्या मावशीचा मुलगा." किती पटकन म्हणालो... शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या, तरी माझा आवाज खाली आला नाही. हेच उत्तर मी चार वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं.

मिलिंद माझ्याहून सहा वर्षांनी लहान. इंदापूर तालुक्यात, धरणाच्या पाण्याकाठी त्याचं गाव. भिगवणच्या बाजारातून मासे उचलायचे आणि खेडोपाडी विकायचे, हा धंदा. गाण्याचं भारी वेड, आणि गळा असा की जयंतीच्या गायन पार्टीने त्याला कोरसातसुद्धा उभं केलं नाही. मी चिडवायचो, "तुझ्या आवाजाला मासेच बरे, तक्रार तरी करत नाहीत." हलगी वाजवावी तर आजोबांनी धर्मांतराच्या वेळी ती खाली ठेवलेली, त्या घरात पुन्हा कुणी ती हातात घेतली नाही. मग हा पठ्ठ्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायचा आणि न गाता नुसतं भराभर बोलत सुटायचा. पुण्याहून सुट्टीला आलेल्या पोरांनी सांगितलं, ह्याला रॅप म्हणत्यात. तो म्हणाला, "म्हणू द्या. माझा डबा हाय."

बारामतीला बदली झाल्यावर मी बंगल्यांच्या एका सोसायटीत वरचा मजला भाड्याने घेतला. माझ्या आडनावावरून जात कळत नाही. घरमालकाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बुद्धमूर्ती कपाटात ठेवली. मला मुलगी झाली तेव्हा मिलिंद बाळंतिणीसाठी मरळ मासे घेऊन आला. परीटघडीचा पांढरा शर्ट, पायात नवे बूट. आठवड्यापूर्वीच सोसायटीत चोरी झाली होती. वॉचमनने त्याला गेटवर अडवलं, मग फिरायला निघालेले दोघे-तिघे जमले... नाव काय, गाव कुठलं, पिशवीत काय, बूट कुणाचे. पिशवी फरशीवर उपडी करायला लावली. तासभर त्याला तिथेच उकिडवं बसवलं आणि मग कुणीतरी मला बोलावून आणलं.

"साहेब, हा तुमचं नाव सांगतोय. तुमचा कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही.

"गावाकडचा आहे," मी म्हणालो. "मासे आणून देतो."

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त नीच होतं. मिलिंदने मासे गोळा केले, पिशवी माझ्या हातात दिली. "वैनीला द्या, साहेब," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने मला दादा सोडून दुसरं काही म्हटलं.

पुढच्या जयंतीला त्याने वस्तीत नवं गाणं म्हटलं. नुसते प्रश्न. "नाव काय? गाव काय? पिशवीत काय? बूट कुणाचं? कुणाकडं? कशाला? कवापास्नं?" ठेका वाढत जायचा, ऐकणाऱ्याला श्वास पुरायचा नाही. शेवटी, "ह्यो तुमचा कोण?" आणि तो गप्प. डब्यावर फक्त चार ठोके. मग हळूच, "जाऊ का आता?" संपलं. गाणं तालुकाभर गेलं, कुणीतरी कॅसेटही भरली. त्या चार ठोक्यांवर पोरं टाळ्या वाजवायची. ती जागा टाळ्यांसाठी नव्हती, हे मला एकट्यालाच माहीत आहे असं मी समजत होतो.

त्यानंतरही मासे येत राहिले, पण एसटी स्टँडवर. गेटपर्यंत तो पुन्हा आला नाही. आम्ही चहा प्यायचो, तो मुलीची चौकशी करायचा, पुन्हा दादाच म्हणायचा. आज माफी मागायची, असं मी दर खेपेला ठरवून जायचो. दर खेपेला चहा संपायचा.

त्याच्या मागच्या जलदान विधीला गेलो. कमल, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. निघताना तिने कॅसेट माझ्या हातात ठेवली. मी म्हणालो, "कमल, त्या दिवशी गेटवर मी..."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी त्यास्नी म्हणलं व्हतं, दादा काय म्हणलं तेबी घाला की गाण्यात. तर म्हणलं, न्हाय. ती जागा दादाची हाय. कवातरी त्योच भरंल."

ती रडली नाही. रडलो मी, आणि समजूत तिला घालावी लागली, याची लाज अजून जात नाही.

घरी येऊन बुद्धमूर्ती बाहेरच्या खोलीत ठेवली. भाडं न्यायला आलेल्या घरमालकाने ती पाहिली, आणि दोन दिवसांनी, मुलाला जागा लागणार आहे, खाली करा म्हणाला. करतो म्हणालो. आता कचेरीतून आलो की खिडकी सताड उघडतो आणि कॅसेट लावतो. प्रश्न धावत येतात. "ह्यो तुमचा कोण?" मी मोठ्याने म्हणतो, "माझा भाऊ आहे, माझ्या सख्ख्या मावशीचा..." चार ठोक्यांत ते मावत नाही. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो विचारतो, "जाऊ का आता?"