फोनसमोरचा कडू घास

लोहारा व पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, बावन्न वर्षं वयाचा, गुडघे दुखणारा, उभी हयात पोरांना गणित शिकवण्यात घातलेला एक इसम स्पॅनिश भाषा शिकू लागला आहे. तो अंगणात एकटाच बडबडताना दिसल्यास कुणी घाबरू नये. त्याला उमरग्याला दवाखान्यात नेण्याची गरज नाही.

ही दवंडी मी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून, ताटावर पळी वाजवून दिली. बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"पळी धुऊन ठेवा," म्हणाली.

मी स्पॅनिश का शिकतोय ते तिलाही माहीत होतं. मुलगा नोकरीसाठी स्पेनला गेला आणि तिथलीच सून आणली. सुनेचे आईवडील स्पॅनिश सोडून एक अक्षर बोलत नाहीत. व्हिडिओ कॉलवर विहीणबाई पाच मिनिटं हातवारे करून काहीतरी सांगायच्या आणि मुलगा मराठीत सांगायचा, "बरं चाललंय म्हणतात." पाच मिनिटांचं एवढंच? मला हा दलाल मधून काढायचा होता. आपल्या सोयऱ्यांशी आपण स्वतः बोलावं, एवढीच माझी हाव.

फोनवरच्या शिकवणीतून मी ‘मांजर दूध पितं’ आणि ‘बस उद्या आहे’ असली वाक्यं पाठ केली. पण माझे खरे गुरुजी म्हणजे आमचे व्याही. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. गॅलरीत कुंड्यांमध्ये टमाटे लावायचे. रोज आमच्याकडं संध्याकाळचे सात वाजले, की तिथं दुपारच्या जेवणाची वेळ व्हायची. तेव्हा ते एकेक जिन्नस कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि नाव सांगायचे. मी मोठ्यानं म्हणायचो. चुकलो की ते हसून टेबलावर थाप मारायचे आणि परत धरायचे. लसणाला तिकडं ‘आहो’ म्हणतात हे कळल्यावर बायकोनं मला दोन दिवस ‘अहो’ म्हणून हाक मारली नाही.

आणि एका सकाळी मुलाचा फोन आला. व्याही झोपेतच गेले.

चार दिवस मुलगा आणि सून विहीणबाईंजवळ होते. मग त्यांना नोकरीसाठी त्यांच्या शहरात परतावं लागलं. निघताना मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, हिच्या आत्या-मावशा सगळ्या लांब आहेत. सासूबाई घरात एकट्याच आहेत. जेवत नाहीत. तुम्ही तरी बोला."

बोला म्हणे. माझ्याकडं मांजर होतं, दूध होतं, बस होती. मेलेल्या माणसाच्या घरी काय बोलावं तो धडा अजून पुढं होता. मी मुलाकडून ‘मला फार वाईट वाटतं’ एवढं वाक्य घोटून घेतलं, सात वाजता अंगात धुतलेला सदरा घातला आणि बायकोला शेजारी बसवून फोन लावला.

विहीणबाई दिसल्या. त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत. शेजारची खुर्ची रिकामी. मी वाक्य म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी आमच्याकडं बसतात तसा बसलो. आपल्याकडं मयताच्या घरी भेटायला गेलेला माणूस बोलत नाही. भिंतीला टेकून, खाली बघून बसतो. ते बसणं म्हणजेच भेटणं. बायकोनंही पदर सावरून मान खाली घातली. आम्ही दोघं अगदी रीतीनं गप्प होतो.

"ओला?" विहीणबाई म्हणाल्या, म्हणजे तिकडचं हॅलो. थोड्या वेळानं परत, "ओला?" त्यांनी फोन हलवून पाहिला. त्यांना वाटलं लाइन गेली. त्यांनी फोन बंद केला.

मी तसाच बसून राहिलो. चार महिने घोकून मी एका बाईला तिच्या दुःखात एकटीला सोडून आलो होतो.

"रिकाम्या हातानं गेल्यावर काय व्हायचं दुसरं," बायको उठत म्हणाली. "तीन दिवस चूल पेटत न्हाय आपल्याकडं. भावकी पिठलं-भाकरी आणती, समोर बसून कडू घास खायला लावती. तिला कोण हाय तिथं भावकी?"

तिनं कडू घासाचं पिठलं टाकलं. दोन भाकऱ्या थापल्या. ताट फोनसमोर मांडलं आणि मला म्हणाली, "लावा."

विहीणबाईंनी फोन घेतला. मी ताटाकडं बोट केलं. मग त्यांच्याकडं. मग माझ्या पाठांतरातला एकच उपयोगाचा शब्द काढला, ‘खाणे’. "तुम्ही," मी म्हणालो. "आम्ही. खाणे."

त्या बराच वेळ ताटाकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि निघून गेल्या. पडद्यावर दोन रिकाम्या खुर्च्या उरल्या. मी बायकोकडं बघेना. कुणाच्या घरात माणूस गेलेला आणि आपण त्यांना ताट दाखवतोय. फोन ठेवावा का, असा विचार करत होतो.

त्या परत आल्या तेव्हा हातात बशी होती. पावाचा तुकडा आणि गॅलरीतला एक टमाटा. त्यांनी तो हळूहळू कापला. व्याह्यांनी लावलेल्यांतला शेवटचा असावा. तुकडा तोंडाशी नेला आणि थांबल्या. बायकोनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास तसाच हातात धरून ठेवला. मीही धरला. त्यांनी घास घेतला, मग आम्ही घेतला.

बशी रिकामी होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. या खेपेला त्यांनी एकदाही फोन हलवून पाहिला नाही.

शेवटी त्यांनी ओठ पुसले आणि एकच शब्द विचारला. तो मला येत होता, बसच्या धड्यातला.

"उद्या का, म्हणतायत," मी बायकोला सांगितलं.

बायको फोनवर वाकली आणि विहीणबाईंच्या तोंडासमोरच मला म्हणाली, "उद्या शेपू हाय म्हणावं. खातात का न्हाय, ते आधी इचारा."