तव्यावरचे पाच ठिपके

त्या बाईंच्या गॅरेजचा दरवाजा वर गेला आणि समोर छतापर्यंत रचलेले खोके दिसले, ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी त्यांना पकडायला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या पोलीस खात्यात मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही डिटेक्टिव्ह म्हणून. गावात आपली माणसं भरपूर. त्यामुळे मराठी, गुजराती, तेलुगू, कुठलंही नाव दिसलं की साहेब ती फाइल माझ्या टेबलावर टाकून मोकळे होत. मला तेलुगूचं अक्षर कळत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

खात्याच्या वेबसाइटवर नाव न देता खबर देता येते. बहुतेक खबरी शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल असतात. ही वेगळी होती. अमुक पत्त्यावर एक बाई गॅरेजमधून निकृष्ट बिडाचे तवे ऑनलाइन विकते, तिचा तवा ओहायोत एका घरी पॅनकेक करताना फुटला आणि लहान मुलीचा हात भाजला, असं त्यात लिहिलं होतं. सोबत फुटलेल्या तव्याचा फोटो होता. लहान मूल भाजलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. जोडीदाराला घेऊन मी लगेच निघालो.

बाई पस्तिशीच्या, मूळच्या नागपूरच्या. गॅरेजच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर पॅकिंगची टेप आणि कागदांची जाड फाइल. मी इंग्रजीत दरडावून विचारायला सुरुवात केली. त्या शांतपणे उत्तरं देत होत्या. मग माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव त्यांनी वाचलं.

"काका, तुम्ही मराठी आहात?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून रडायलाच लागल्या.

पोलिसाला रडणाऱ्या माणसाचं काही वाटत नाही, अशी लोकांची समजूत असते. वाटतं. फक्त आम्ही त्या वेळी वहीत काहीतरी लिहीत राहतो.

हकीकत अशी होती. नोकरी गेल्यावर त्यांनी तव्यांचा धंदा सुरू केला. वडील आयुष्यभर एका फाउंड्रीत कामगार होते. त्यांच्याच जुन्या सोबत्यांकडून तवे ओतून घ्यायचे आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचे. दोन वर्षांत जम बसला. मग ओहायोतून त्या बाजारपेठेकडेही फुटक्या तव्याची तीच तक्रार गेली आणि एका संध्याकाळी दुकान बंद झालं. माल त्या कंपनीच्या गोदामात होता. तीस दिवसांत उचलला नाही तर भंगारात जाणार, असा नियम. आणि माल उचलायची विनंती विक्रेत्याच्या ऑनलाइन खात्यातूनच करावी लागते. खातं तर गोठवलेलं!

"मी अकरा वेळा लिहिलं, काका," त्या म्हणाल्या. "अपील केलं, ते रिजेक्ट झालं. चॅटवर गेले तर प्रत्येक वेळी तेच, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो. अहो, नाराजी काय समजता, फोटो बघा ना! माझ्या बाबांनी जन्मभर अर्ज लिहिले. नकार का होईना, पण खाली कोणाची तरी सही असायची. इथं माणूसच नाहीये."

आज कितवा दिवस, विचारलं. "अकरावा," त्या म्हणाल्या. त्या दिवसच मोजत बसल्या होत्या.

मी खोके उघडून पाहिले. बहुतेक रिकामे होते, पाचसहा तवे होते, आणि एकही निकृष्ट दिसला नाही. ठाण्यावर येऊन ओहायोतल्या पोलिसांना फोन लावला. बाईंच्या फाइलमधल्या तक्रारदाराच्या पत्त्यावर पेट्रोल पंप निघाला. त्या नावाची कोणी बाई नाही, भाजलेली मुलगी नाही. म्हणजे ज्यांना मी दरडावून आलो होतो, त्याच फिर्यादी होत्या. मला माझीच लाज वाटली.

पण हे केलं कोणी? आमच्याकडे होता तो एकच फोटो. मधोमध तडकलेला नवा तवा, आणि त्यावर काळपट डागांची एक नक्षी, मधे एक ठिपका, भोवती चार.

"कुत्र्यानं पाय दिलेला दिसतो," जोडीदार म्हणाला. मलाही तसंच वाटलं. दोन दिवस आम्ही गंभीरपणे कुत्रा पाळणाऱ्या संशयिताचा विचार करत होतो, हे आज लिहिताना हसू येतं.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. बायको तव्यावर थालीपीठ थापत होती. तिनं बोटानं मधे एक भोक पाडलं, भोवती चार पाडली, आणि चमच्यानं प्रत्येकात तेल सोडलं. मी कप खाली ठेवला.

"थांब, हलवू नकोस!" मी ओरडलो.

"जळेल ना!"

"जळू दे."

थालीपीठ जळलं. उचललं तेव्हा तव्यावर पाच काळे ठिपके होते. बायको अजून त्या थालीपिठाबद्दल बोलते. ओहायोच्या बाई पॅनकेकला भोकं पाडून तेल सोडत नसणार. तवा फुटला तो मराठी घरात फुटला होता, आणि खबर आमच्याच गावच्या वेबसाइटवर आली, म्हणजे माझ्या मते फार लांबही नाही.

मी त्या बाईंना फोन करून विचारलं, असे तवे आणखी कोण विकतं? आधी त्यांनी टाळाटाळ केली. मग म्हणाल्या, "आपल्या मंडळातलेच एकजण आहेत. पण काका, उगाच कोणावर आळ नको." ज्यांच्यावर आळ आला होता, त्यांनी हे म्हणावं, याचं मला कौतुक वाटलं.

त्या गृहस्थांच्या घरी गेलो तर दार त्यांच्या आईनं उघडलं. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. मी पोलीस असल्याचं सांगितलं, तरी मराठी बोलणारा माणूस आला याचाच त्यांना जास्त आनंद. मुलगा येईलच, बसा म्हणाल्या आणि चहा टाकला. मी फोटो पुढे केला आणि हा तवा कधी पाहिलाय का, एवढंच विचारलं.

"अहो, हाच तो!" आजी उसळल्या. "नवाकोरा आला म्हणून मी त्यावर थालीपीठ लावलं. पहिलं जरा जळलं, पण पुढचं इतकं सुरेख झालं म्हणून सांगू! मी म्हटलं, अरे, तुझ्या तव्यांपेक्षा हा बरा. तर त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी पाहते तर यानं तवा लाल होईस्तोवर तापवला आणि त्यावर बर्फाचं पाणी ओतलं. तापल्या तव्यावर पाणी! कोणाच्या घरात असं करतात का? मी दिवसभर जेवले नाही."

तेवढ्यात मुलगा दारात येऊन उभा राहिला. आईच्या हातातला फोटो त्यानं पाहिला. आईच्या तोंडून मुलाविरुद्धचा पुरावा निघाला, याचं मला समाधान वाटलं नाही. तो चहा कसाबसा संपवून मी उठलो आणि त्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यावर बोलावलं.

गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क त्याला वाचून दाखवला. वकील नको म्हणाला. सुरुवातीला अर्धा तास तो आडवळणानं बोलत राहिला, तवा पडला असेल, फोटो कोणी चोरला असेल. असा माणूस खोटं बोलताना टेबलाकडे बघतो, आणि खरं बोलायला लागला की आपल्याकडे. मी फक्त एवढंच म्हणालो, "मग मला तुमच्या आईंचा जबाब घ्यावा लागेल."

त्यानं वर बघितलं.

"आईला कोर्टात नका हो बोलावू, काका. सगळं मीच केलंय." खोटं खातं, ओहायोचा पत्ता, आमच्याकडची खबर, सगळं त्यानं लिहून दिलं.

कबुलीजबाब जोडून मी त्या कंपनीच्या मदत केंद्राला पोलीस खात्याच्या कागदावर पत्र पाठवलं. चार मिनिटांत उत्तर आलं. 'प्रिय विक्रेते, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो.' मी एवढा संतापलो की जोडीदारानं माझ्यासमोरचा कीबोर्ड उचलून नेला. शेवटी सरकारी वकिलांमार्फत समन्स गेलं, तेव्हा कुठं तिथं एक जिवंत माणूस सापडला. सत्ताविसाव्या दिवशी दुकान उघडलं. बाईंचा फोन आला. आधी माल सुटल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "काका, त्यांच्याकडून एका मुलीचा फोन आला होता. तिनं स्वतःचं नाव सांगितलं." तवे वाचले त्याच्याइतकंच त्यांना याचं अप्रूप होतं.

त्या गृहस्थाला कोर्टानं दंड केला आणि समाजसेवेचे तास लावले. खटला संपला. पण माझ्यासाठी तो संपला कबुलीजबाबाच्याच दिवशी. त्या दिवशी सही करून झाल्यावरही तो गृहस्थ खुर्चीतून उठला नव्हता.

"काका, मला हे सुचलं कसं, विचारणार नाही?" तो म्हणाला. "मागच्या वर्षी माझं दुकान असंच कोणीतरी बंद पाडलं. खोटी तक्रार, खोटा फोटो. माझा सगळा माल भंगारात गेला. मी पण खूप लिहिलं त्यांना. माझी तक्रार आता घेता येईल का?"

पंचवीस वर्षांत आरोपीनं त्याच खुर्चीत बसून फिर्याद द्यायला मागितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. जोडीदारानं खांदे उडवले. मी कोरा फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि त्याचं नाव पुन्हा पहिल्यापासून विचारलं. तो दोन तास बोलला. मी एकदाही मधे तोडलं नाही.

त्याचा गुन्हेगार मला कधीच सापडला नाही. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "थँक्यू काका. पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं."

गुन्हा शोधणं हे पोलिसाचं काम, असं मी नवीन पोरांना शिकवत असे. त्या दिवसानंतर आधी ऐकून घ्यायला शिकवू लागलो. वर्षभरापूर्वी कोणी हे दोन तास त्याला दिले असते, तर त्या माउलीच्या डोळ्यांदेखत तापल्या तव्यावर पाणी पडलं नसतं.