काय काढायचंय?

“या, बसा. काय काढायचंय?”

हे वाक्य मी बोलले ते माझ्याच इंटरव्ह्यूत. नगरच्या एमआयडीसीत खोकी छापणारी एक कंपनी आहे, तिथं. मला केबिनमध्ये एकटीला बसवून ठेवलं होतं. दार उघडलं, प्लॅन्ट मॅनेजर देशपांडे साहेब आणि एचआरच्या मॅडम आत आल्या, आणि मी ताडकन उठून त्यांनाच त्यांच्या खुर्च्या दाखवल्या.

दोष तोंडाचा नाही, दुकानाचा. पारनेरला माझं डीटीपीचं दुकान होतं. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडून छापायला तयार करणं. पत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. आमच्याकडे छापायचं म्हणत नाहीत, ‘काढायचं’ म्हणतात. पत्रिका काढायची, झेरॉक्स काढायची. दारात सावली पडली की माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघायचं.

पण अलीकडे सावल्याच कमी झाल्या. पत्रिका मोबाइलवर जातात. देवापुढे ठेवायला आणि मामाला द्यायला लागतील तेवढ्याच लोक छापतात. शेवटी महिनाअखेरीला गाळा एका मोबाइल रिपेअरिंगवाल्याला द्यायचा ठरला. मी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, बोलावणं मात्र या एकाच कंपनीतून आलं, खोक्यांची डिझाइनं छपाईला तयार करायच्या कामासाठी. माझी चाळिशी उलटलेली. हे हुकलं तर पुढं काय, ते माहीत नव्हतं.

तयारीची सुरुवात बायोडेटापासून केली. लग्नाचे बायोडेटा मी ढिगानं केलेले, त्यामुळे हात सवयीनं चालला. आमचे हे, नितीन, शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“वर गणपती, खाली मामाचं गाव. रास-नाडी तेवढी टाकायची राहिली.”

तो फाडला, दुसरा केला. मग रोज संध्याकाळी ओसरीवर सराव. हे साहेब व्हायचे, मी उमेदवार. सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसायच्या.

“तुम्हाला कामाची डेडलाइन पाळता येईल?”

“होऊन जाईल.”

“नवीन सॉफ्टवेअर शिकाल?”

“होऊन जाईल.”

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. “ह्यो शब्द लई वंगाळ हाय बग तुजा. गिऱ्हाइकाला हुन जाईल म्हनती, अन् मग ताट गार झालं तरी उठत न्हाई. तितं नको म्हनू.”

म्हातारीचं खरं होतं. दुकानदाराला ‘नाही’ म्हणायची भीती असते. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल ही ती भीती. त्या दिवसापासून ‘होऊन जाईल’ निघालं की सासूबाई टरफल फेकून मारायच्या. चार दिवसांत टरफलं कमी झाली. ‘मी टीम प्लेयर आहे’ हेही वाक्य मी इंग्रजीत पाठ केलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार होती. मीच प्रश्न विचारून बसेन, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर केबिनमध्ये मी “काय काढायचंय” म्हणाले. मला वाटलं, संपलं. पर्स उचलून निघावं की काय!

देशपांडे साहेब सावकाश खुर्चीत बसले. “सध्या काढायचं कुणालाच नाही, मॅडम. एकीला घ्यायचंय.”

एचआरच्या मॅडम खुदकन हसल्या. मीही हसले.

“इतकी वर्षं तुम्ही स्वतः मालक,” साहेब म्हणाले. “आता दुसऱ्याचं ऐकवेल?”

पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. जे होतं ते बोलले. “साहेब, दुकानात मालक मी कधी नव्हतेच. शटर वर केलं की येईल तो मालक. इथं निदान साहेब एकच असेल.”

“दोन,” मॅडम म्हणाल्या.

मग साहेबांनी एक प्रिंट पुढं सरकवली. उलगडलेल्या खोक्याचं डिझाइन होतं. “हे दुपारी मशीनवर घ्यायचंय. होईल?”

शब्द अगदी जिभेवर आला. सासूबाईंचं टरफल आठवलं. तो गिळला.

“आधी बघते,” म्हणाले. बघितलं. “या कडेला ब्लीड नाही.” ब्लीड म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर थोडा वाढवून ठेवणं, नाहीतर कटिंगला पांढरी कड दिसते. “तेवढं मी करीन. पण ही पट्टी कोरी का सोडलीय, ते मला माहीत नाही. पत्रिकेला असली पट्टी नसते. ते कळल्याशिवाय मशीनवर पाठवणार नाही.”

“ती डिंकाची. तिथं शाई लागली तर खोकं चिकटत नाही.” साहेबांनी प्रिंट परत घेतली. “याआधी आलेले दोघं ‘होईल’ म्हणाले होते.”

बाहेर आले तेव्हा निकाल माहीत नव्हता, तरी फार मोकळं वाटत होतं. कुणाला तरी मी ‘माहीत नाही’ म्हणाले होते आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुकानात सामान बांधत होते तेव्हा मॅडमचा फोन आला. एक तारखेपासून या म्हणाल्या. मी मटकन स्टुलावर बसले आणि डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात दारात सावली पडली. फेटा बांधलेले एक बाबा होते.

“या, बसा. काय काढायचंय?”

“नातवाच्या जावळाची पत्रिका. संध्याकाळपोत हुईल का, ताई?”

नोकरी हातात होती, त्यामुळे हिंमत आली. “होणार नाही, बाबा. परवा मिळेल.”

“मग परवा द्या की,” बाबा बसत म्हणाले. “जावळ फुडल्या महिन्यात हाय. इचारायचं म्हनून इचारलं.”

इतकी वर्षं मी ताटं उगाचच गार केली.