आत्याला दिसलेली नीलगाय

त्या संकष्टीला आत्याने समोरच्या टॉवरवरच्या क्रेनच्या दिव्याला अर्घ्य दिलं. आमच्या गुरुग्रामच्या बाल्कनीत, ताम्हन समोर ठेवून, अगदी मनोभावे. खरा चंद्र चार बोटं बाजूला होता. "अगं आत्या, तो नव्हे!" असं मी बोलून गेले आणि तिचा चेहरा पाहून जीभ चावली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, नजरेचा मधला भाग जात चाललाय. समोर पाहिलं की नेमका तिथेच धुरकट डाग. पण तो डाग चंद्रालाही गिळेल, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आई गेल्यावर मला वाढवलं ते ह्या आत्याने. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत, लग्नाच्या भानगडीत न पडता. आता ती आमच्याकडेच असते. तिची हौस एकच, मोकळ्या रानातला हत्ती पाहायचा. साखळदंडातला नको, देवळाच्या दारातला नको. "गणपतीला त्याच्या घरी जाऊन भेटायचंय गं," म्हणते. म्हणून दक्षिण आफ्रिकेचा बेत मांडला होता. तिथे अभयारण्यात आपली गाडी आपणच चालवायची, तीही आपल्यासारखीच डाव्या बाजूने. पळापळ नाही, पाणवठ्याशी गाडी लावायची आणि गप्प बसायचं, ही आत्याची अट. क्रेनच्या प्रकारानंतर मात्र माझा धीर खचला. नवरा म्हणाला, "यार, इतक्या लांब नेलं आणि दिसलंच नाही तर? आणखी खचतील त्या." त्याचं पटत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. देवघरासमोर उभी राहून मी चक्क भांडले. "बाप्पा, जन्मभर तुझे उपास केले तिने, आणि भेटीची वेळ आली तर डोळेच नेतोस? आता तूच काय ते बघ. माझ्याने नाही होत." सगळं रद्द करायचं मी मनात ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात फरीदाबादला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. आत्या माझीच समजूत काढत होती, "हत्ती राहू दे गं, तू उगाच जीव जाळू नकोस." शेजारी एक वृद्ध सरदारजी होते. आमचं मराठी त्यांना कितपत कळलं, देव जाणे. आत्याकडे वळून म्हणाले, "बहनजी, मेरा भी बीच का गया हुआ है. सीधा मत देखिए. जो देखना है, उसके ज़रा बगल में देखिए." आणि माझ्याकडे बोट दाखवून तिथेच शिकवणी सुरू, "बिटिया के कान की तरफ देखिए, चेहरा दिखेगा." आत्या बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई, टिकली लावलीयेस होय!" मला रडू आवरेना. आमचा नंबर लागला. बाहेर येऊन पाहतो तर ते निघून गेलेले. नाव विचारायचंही राहून गेलं.

परतीचा रस्ता अरवलीच्या झुडपांतून जातो. मी समोर नजर लावून गाडी चालवत होते. एकाएकी आत्या ओरडली, "थांब, थांब! डावीकडे काहीतरी हललं." मला काही म्हणजे काही दिसेना. गाडी कडेला घेतली, तर बाभळीआडून एक भलीथोरली नीलगाय बाहेर आली. "कडेचं सगळं दिसतं की मला," आत्या म्हणाली. काय सांगू, अभिमानाने ऊर भरून आला. माझे दोन्ही डोळे शाबूत, आणि जनावर हेरलं ते हिने! घरी पोचल्यावर मी ज्याला त्याला फोन करून हेच सांगत होते.

ह्याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. आत्याचे डोळे होते तसेच आहेत. मी हात टेकले तेव्हा बाप्पाने हात दिला, एवढं खरं. हवं ते रोखून बघत हट्ट धरला की ते निसटतं. जरा सैल सोडलं की आपसूक येतं, हे मला त्या अनोळखी माणसाने शिकवलं. रोज दिवा लावताना त्यांना नमस्कार करते.

आता बेत पक्का आहे. गाडी मी चालवणार, जनावरं आत्या हेरणार. काल जेवताना नवऱ्याने भीत भीत विचारलंच, "आत्या, सगळं ठीक, पण हत्ती दिसलाच नाही तर?"

आत्या भात कालवत म्हणाली, "नाही तर नाही, जावईबापू. मी त्याला दिसेन की!"